बेस आला की अँप बंद पडतो: पावसाळ्यात परत परत पेटणारा लाल दिवा

आवाज मध्यम असतो तोवर गाडीतलं म्युझिक झकास चालतं. आवाज वाढवला, ढोलाचा एक दणदणीत ठोका आला, की डिकीतला वूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) गप्प. अँपवरचा, म्हणजे वूफर चालवणाऱ्या अँप्लिफायरवरचा, हिरवा दिवा लाल होतो, काही सेकंदांनी परत हिरवा, परत ठोका, परत लाल. रात्री हेडलाइट आणि एसी चालू असला की हमखास. जून-जुलैत जास्त, दिवाळीनंतर कमी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करताना वूफरच्या तक्रारींत हीच तक्रार सगळ्यात जास्त ऐकतो. आलेल्या माणसाने त्याआधी बहुधा एकदा तरी अँप बदललेला असतो. नवा अँप बसवताना सगळ्या वायरी सोडवून परत घट्ट केल्या जातात, म्हणून थोडे दिवस बरं चालतं. मग पुन्हा तेच.

ठोक्याला बंद पडणारा अँप बहुतेक वेळा चांगलाच असतो. एक तर त्याला वीज पुरत नाही, नाहीतर त्याच्यावर न झेपणारा लोड लावलाय. कुठलं कारण आहे ते साध्या मल्टिमीटरने कळतं, पण मीटर कधी आणि कुठे लावायचा हे माहीत पाहिजे. तेवढं जमलं तर नवीन अँपचे पैसे वाचतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कधी बंद पडतो ते आधी बघा

पाना हातात घ्यायच्या आधी कुणाला तरी डिकीपाशी उभं करा आणि दिवा बघायला सांगा. दिवा लाल होतोय की पूर्ण विझतोय? लाल होणं म्हणजे प्रोटेक्ट, अँपने स्वतःला वाचवायला आउटपुट तोडलंय. पूर्ण विझत असेल तर मेन प्लस (बॅटरीकडून येणारी वायर), अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनस वायर) किंवा रिमोटची बारीक वायर (स्टिरिओ लावला की अँप चालू करणारी) यांपैकी एक सुटतेय. स्टिरिओमागे रिमोटची निळी-पांढरी वायर नुसती पीळ देऊन टेप गुंडाळलेली असते. खड्ड्यातून गेल्यावर वूफर बंद होतो आणि पुढच्या खड्ड्यात परत चालू होतो, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत दोष तिथेच निघतो.

लाल होत असेल तर वेळ बघा. चावी फिरवल्याबरोबर, गाणं लावायच्या आधीच लाल झाला तर स्पीकरची वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय, नाहीतर अँप आतून गेलाय. अर्धा-पाऊण तास वाजल्यावर लाल होत असेल आणि अँपला हात लावल्यावर चटका बसत असेल तर गरमी. सीटखाली कार्पेटमध्ये दाबून बसवलेले अँप असेच तापतात, चारी बाजूंनी हवा लागेल अशी जागा द्या. तापण्यामागे कमी ओहमचा लोडही असू शकतो (ओहम म्हणजे वूफर करंटला करतो तो अडथळा), त्याकडे पुढे येतो. आणि नेमका ठोक्यालाच लाल होत असेल, तर व्होल्टेज पडतंय किंवा ओहम चुकलेत. या लेखाचा मुख्य विषय तोच.

एक झटपट परीक्षा करून घ्या. स्टिरिओ बंद करून वूफरच्या दोन्ही वायरी आणि आरसीए (स्टिरिओकडून गाण्याचा सिग्नल आणणारी केबल) अँपमधून काढा. फक्त प्लस, अर्थिंग आणि रिमोट राहू द्या, मग चालू करा. हिरवा दिवा स्थिर राहिला तर अँपला दोष देण्याआधी पुढचं सगळं तपासा.

मीटर वाजताना लावा

मध्यंतरी कागलकडचा एक मुलगा गाडी घेऊन आला होता. बॅटरी नवी टाकलेली, अँप दुसरा.

"मामा, व्होल्टेजचा प्रॉब्लेम न्हाईच. मीटर लावून बघितलंय मी, साडेबारा दाखवतंय."

"गाणं चालू असताना बघितलंस काय?"

"न्हाय, समदं बंद करून."

इथेच सगळे फसतात. काहीच चालू नसताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवणारच. गाडी चालू केली की अल्टरनेटरमुळे १३.८ ते १४.४. करंट वाहत नसेल तर कितीही खराब जोड असला तरी त्याच्यावर व्होल्टेज पडत नाही, त्यामुळे गंजलेलं अर्थिंगसुद्धा बंद गाडीत एकदम निरोगी दिसतं. दोष दिसायचा तर करंट वाहिला पाहिजे.

त्यासाठी गाणं कामाचं नाही. ठोका क्षणभराचा असतो, साधा मीटर तेवढ्यात आकडा धरू शकत नाही. मोबाइलवर ५० हर्ट्झचा सलग टोन उतरवून घ्या, गाडी चालू ठेवा, नेहमी ज्या आवाजाला अँप बंद पडतो त्याच्या जरा खाली आवाज ठेवा आणि टोन पाच-सात सेकंदच वाजवा. सलग टोनने वूफरची कॉइल पटकन तापते, म्हणून मध्ये थांबत चला. हे काम दिवसा मोकळ्या जागी करा. गल्लीत सलग टोन वाजला की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या पोरांना खरोखर त्रास होतो.

त्या मुलाच्या गाडीचे आकडे देतो, म्हणजे पद्धत कळेल. टोन वाजत असताना बॅटरीच्या दोन खांबांवर १३.२ व्होल्ट. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही ठीक. त्याच वेळी अँपच्या प्लस आणि ग्राउंड टर्मिनलवर १०.१. मधले ३.१ व्होल्ट वाटेत गेले. व्होल्टेज साधारण नऊ ते साडेदहाच्या आत आलं की बरेचसे अँप आपोआप तोडतात. तेव्हा मोठ्या ठोक्याला हा अँप तोडत होता ते बरोबरच करत होता.

वाटेत म्हणजे नेमकं कुठे? मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरी अँपच्या प्लस टर्मिनलवर, टोन चालू. पिना तेवढ्या लांब पोचत नाहीत, साधी बारीक वायर जोडून लांबवा, मोजायला ती पुरते. आकडा आला ०.७. मग बॅटरीच्या मायनस खांबापासून अँपच्या ग्राउंड टर्मिनलपर्यंत तसंच मोजलं: २.४. बेरीज ३.१, हिशेब जुळला. प्लसची वायर थोडी बारीक होती, पण खरा चोर अर्थिंगमध्ये होता. ही चार मोजमापं घेतल्याशिवाय मी आता कुठल्याही गाडीच्या वायरला हात लावत नाही. दोन्ही बाजू मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे, एक व्होल्टच्या वर गेलं तर काम करायलाच हवं.

बॅटरीच्या खांबावरच टोन वाजताना १२ च्या खाली जात असेल तर गोष्ट वेगळी. बॅटरी म्हातारी झालीय, अल्टरनेटर चार्ज करत नाही किंवा गाडीच्या ताकदीपेक्षा अँप मोठा आहे. पिन एकदा शिशाच्या खांबावर आणि एकदा त्यावर बसवलेल्या टर्मिनलवर टेकवून बघा. दोन्हींत फरक दिसला तर टर्मिनल सैल आहे किंवा खाली पांढरी भुकटी साचलीय. गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट केलं की झालं.

अर्थिंग

आता त्या गाडीचं अर्थिंग. मागच्या सीटच्या बिजागरीजवळ पातळ पत्र्यात एक सेल्फ स्क्रू मारलेला होता, त्याखाली थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी). वरून बघितलं तर घट्ट. स्क्रू काढला तेव्हा थिंबलखाली विटकरी भुकटी, आणि भुकटी पुसल्यावर खाली गाडीचा मूळ रंग गोल वाटोळा जसाच्या तसा. म्हणजे थिंबल पत्र्याला कधी टेकलंच नव्हतं. सगळा करंट त्या स्क्रूच्या दोन-तीन आट्यांमधून जात होता. नवीन होतं तेव्हा तेवढ्यावर निभावलं. पावसाळ्यात आट्यांना गंज चढला, आणि वूफर बंद पडायला लागला.

कोल्हापूरच्या हवेत हे दर वर्षी होतं. जून ते सप्टेंबर गाडी आतून कधी पूर्ण वाळतच नाही. ओल्या छत्र्या, चिखलाचे पाय, गगनबावडा-राधानगरीकडे सहल झाली की ओले कपडे तसेच डिकीत. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचतं आणि कार्पेट ते धरून ठेवतं. उघड्या लोखंडाला तेवढं पुरतं. म्हणून तक्रार जुलैत येते, ऑक्टोबरच्या उन्हात थोडी बरी होते, आणि लोकांना वाटतं अँप आपोआप सुधारला. गंज काही कमी होत नाही, पुढच्या पावसात तो आणखी वाढतो.

अर्थिंग असं करा. आधी बॅटरीचा मायनस काढा. अँपपासून दीड फुटाच्या आत जाड पत्र्याची जागा शोधा, चेसिसचा भाग किंवा मजबूत वेल्ड केलेली ब्रॅकेट. मागचा नुसता पातळ पत्रा नको, वेगळा बोल्टने बसवलेला भागही नको. सीटबेल्टच्या बोल्टला कधीच हात लावू नका, तो तुमच्या घरच्यांच्या जिवासाठी आहे. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर तिच्या ब्रॅकेटला किंवा पाइपजवळ वायर बांधू नका. भोक पाडायचं झालं तर आधी गाडीखाली वाकून बघा: पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप, मूळ वायरिंग कुठून गेलंय. ड्रिल दोन मिलिमीटर जास्त गेल्याने काय होऊ शकतं हे सांगायची गरज नसावी.

जागा ठरली की रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठा गोल पॉलिश पेपरने घासा. रंग, त्याखालचा प्रायमर सगळं जाऊन लखलखीत धातू दिसला पाहिजे. नट-बोल्ट वापरा, ८ मिलिमीटरचा असला तर उत्तम, सोबत दातेरी वॉशर. थिंबल आधी घट्ट आवळा आणि मगच त्यावर व कडेने ग्रीस किंवा रेड ऑक्साइड लावा. आधी ग्रीस थापून वर थिंबल बसवणारे मी बघितलेत, मग पुन्हा तोच अडथळा. पत्र्याच्या खालच्या बाजूलाही रंग मारा, चिखल तिकडूनच येतो. अर्थिंगची वायर प्लसएवढीच जाड पाहिजे. जेवढा करंट प्लसमधून येतो तेवढाच मायनसमधून परत जातो. तरी प्लस चार गेज आणि अर्थिंग दहा गेज अशा गाड्या सर्रास दिसतात (गेजचा आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक).

त्या गाडीत एवढंच केलं. मायनस बाजूचे २.४ व्होल्ट ०.१५ वर आले, अँपच्या टर्मिनलवर टोन वाजताना १२.३ मिळाले आणि लाल दिवा गेला. अँप तोच, बॅटरी तीच.

मागचं अर्थिंग चांगलं करूनही मायनस बाजू एक व्होल्टच्या आसपासच राहिली तर बॉनेट उघडा. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी मूळ वायर छोट्या गाड्यांत बारीक असते, आणि तिचा बॉडीकडचा बोल्टही गंजतो. तो साफ करा, सोबत एक जाड वायर वाढवा. नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर चौकोनी सेन्सर असतो. तिथे वाढीव वायर थेट बॅटरीच्या खांबाला लावू नका, सेन्सरच्या पुढे बॉडीच्या बाजूला लावा, नाहीतर गाडीचा कॉम्प्युटर चार्जिंगचा हिशेब चुकवतो.

वायर: गेज छापलेलं असतं, तांबं असतंच असं नाही

प्लसच्या बाजूला व्होल्टेज पडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तयार किट. डब्यावर "४ गेज" लिहिलेलं, वायर अंगठ्याएवढी जाड, आणि सोलली तर रबरच जास्त. आतली तार चाकूने खरवडा. लालसर रंगाखाली चांदीसारखा पांढरा दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार. त्याच जाडीच्या तांब्याच्या मानाने ती साधारण दीडपट अडथळा करते.

आकड्यांत सांगतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत साधारण पाच मीटर वायर लागते. शुद्ध तांब्याची आठ गेज, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर, ६० अँपिअरला त्या पाच मीटरमध्ये ०.६ व्होल्ट खाते. तीच अॅल्युमिनियमची असेल तर जवळजवळ एक व्होल्ट. तांब्याची चार गेज, २१ चौरस मिलिमीटर, फक्त पाव व्होल्ट. पाच एचपीची मोटर नदीवर बसवून तिला अर्ध्या इंचाचा पाइप जोडला तर शेतात काय पोचणार, तसलाच हा प्रकार.

आपल्याकडे याला चांगला उपाय आहे आणि बाहेरगावच्या लोकांना त्याचा हेवा वाटावा. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यात फाउंड्री आणि फॅब्रिकेशनची कामं असल्यामुळे वेल्डिंग केबल सहज मिळते. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल चार गेजपेक्षा किंचित जाडच भरते, बारीक तारांची असल्यामुळे वळते, आणि तिचं रबर उष्णता व तेल सोसतं. तिच्यातही अॅल्युमिनियमची येते, म्हणून तांब्याचीच मागा आणि टोक खरवडून बघून घ्या. तांब्याची थिंबलं हायड्रॉलिक क्रिंपिंगच्या मशीनने दाबून घ्या. पक्कडीने चेपलेलं थिंबल म्हणजे पुढच्या वर्षीचा दोष आजच बसवून ठेवणं.

आणि फ्यूज. प्लसच्या वायरला बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच, याच्यात तडजोड नको. अँपच्या अंगावरचे फ्यूज अँपसाठी असतात. बॅटरीजवळचा फ्यूज वायरसाठी असतो, ती कुठे घासून बॉडीला टेकली तर आग लागू नये म्हणून. आठ गेज तांब्याला ५०, चार गेजला १०० अँपिअरच्या आसपासचा ठेवा. वायर पत्र्यातून आत जाते तिथे रबरी ग्रोमेट घाला. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी तार गुंडाळून दिलेल्या गाड्या मी बघितल्यात. तसली गाडी तुमच्याकडे असेल तर अँपला जाणारी प्लसची वायर आजच बॅटरीवरून काढून ठेवा आणि उद्या काम करून घ्या.

वायर किती जाड घ्यायची हे डब्यावरच्या वॅटवरून ठरवू नका. "३००० वॅट" छापलेल्या अँपवर एकच ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर तो १३.८ व्होल्टला जेमतेम ४१४ वॅट आत घेऊ शकतो, आणि त्यातले स्पीकरला त्याहून कमी पोचतात, किती ते अँपच्या सर्किटच्या प्रकारावर: क्लास डीमध्ये साधारण ८० टक्के, जुन्या क्लास एबीमध्ये ५० ते ६०. अँपवरच्या सगळ्या फ्यूजची बेरीज करा, तीच त्याची खरी भूक. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचा असतो आणि त्यातलं बरंच एसीचा पंखा, हेडलाइट आणि इंजिन घेऊन जातं. रात्रीच वूफर का बंद पडतो, त्याचं उत्तर यात आहे.

व्होल्टेज ठीक आहे, तरी लाल: आता ओहम

बाजारात येणारे बरेच वूफर दुहेरी कॉइलचे असतात, मागे चार टर्मिनल. मागच्या लेबलवर ४+४ किंवा २+२ ओहम लिहिलेलं असतं. ४+४ च्या कॉइल समांतर जोडल्या, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, की २ ओहम होतात. एकीचा मायनस दुसरीच्या प्लसला देऊन एकापुढे एक जोडल्या की ८. तसंच २+२ चे समांतर १, एकापुढे एक ४. ओहम अर्धे झाले की अँपमधून करंट दुप्पट जायला बघतो.

सगळ्यात जास्त गडबड ब्रिज करताना, म्हणजे अँपचे दोन चॅनेल (आउटपुट) एकत्र करून एकच वूफर लावताना, होते. दोन चॅनेलच्या अँपवर "२ ओहम स्टेबल" लिहिलेलं वाचून लोक दोन्ही चॅनेल ब्रिज करतात आणि २ ओहमचा वूफर लावतात. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला अर्धाच लोड दिसतो, म्हणजे इथे १ ओहम. हलक्या आवाजात चालतं, ठोक्याला लाल. चॅनेलला २ ओहम झेपणाऱ्या अँपला ब्रिजमध्ये कमीत कमी ४ ओहम पाहिजेत. मोनोब्लॉक (एकाच चॅनेलचा) अँप असेल तर त्यावर कमीत कमी किती ओहम ते लिहिलेलं असतं, तेवढंच धरा.

मोजायला वायर अँपपासून सोडवा आणि मीटर ओहमवर ठेवा. आधी दोन पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येईल तो वजा करायचा, स्वस्त मीटरमध्ये ०.२ ते ०.४ येतोच. चार ओहमची कॉइल मीटरवर साधारण ३.२ ते ३.७ दाखवते, दोनची १.६ ते १.९. लेबलपेक्षा कमी दाखवतेय म्हणून कॉइल जळाली असं समजू नका, असंच असतं. मोजताना कोन हलवू नका, हलला की आकडे नाचतात. हिशेबापेक्षा निम्मे ओहम आले तर जोडणी चुकलीय. अर्धा ओहम किंवा शून्य आलं तर शॉर्ट आहे. बॉक्सच्या मागच्या टर्मिनलच्या कपात आतून बघा, तिथे एखादी मोकळी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली असते. अँपच्या टोकालाही तसंच: टर्मिनलमध्ये न गेलेली केसाएवढी एक तार अँपच्या धातूच्या अंगाला टेकली तरी प्रोटेक्टला पुरते. मग मीटरची एक पिन गाडीच्या बॉडीला आणि दुसरी वूफरच्या सोडवलेल्या वायरला. काहीही संबंध दिसता कामा नये. दिसला तर सीटच्या रुळाखाली किंवा प्लास्टिकच्या पट्टीखाली वायर चिरडलीय.

गाडीचा मूळ स्टिरिओ ठेवून स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेतला असेल तर त्या स्पीकरचा मायनस बॉडीला कधीच देऊ नका. या स्टिरिओंच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, बॉडीला दिली की स्टिरिओच जातो. रिमोट मिळत नसेल तर चावीबरोबर येणाऱ्या लाइनवरून छोटा फ्यूज घालून घ्या. कायम चालू लाइनवरून घेतला तर सकाळी गाडीला धक्का मारावा लागेल.

गेन

गेनचं बटण (स्टिरिओचा सिग्नल अँपने किती वाढवून घ्यायचा ते ठरवणारं) व्हॉल्यूमचं नव्हे, पण सगळे ते पूर्ण उजवीकडे फिरवून ठेवतात, वर बेस बूस्टही पूर्ण. त्याने आवाज फार वाढत नाही, सिग्नल मात्र वरून-खालून छाटला जातो, करंट वाढतो, कॉइल जळते आणि अँप लाल होतो. मीटरने लावा: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, तेवढे व्होल्ट. समजा अँप २ ओहमला २५० वॅट आरएमएस (सलग देता येणारी खरी पॉवर) देतो. गुणाकार ५००, वर्गमूळ साधारण २२.४. वूफरची वायर काढून ठेवा, बेस बूस्ट शून्य, स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, आवाज पाऊण, पूर्ण पातळीवरचा ५० हर्ट्झचा टोन. मीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या स्पीकर टर्मिनलवर २२.४ येईपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि तिथे सोडा. घरातल्या विजेची फ्रीक्वेन्सीही ५० हर्ट्झच आहे, त्यामुळे स्वस्त मीटरही या टोनला खरा आकडा देतो. लो पास, म्हणजे ठरवलेल्या हर्ट्झच्या वरचे सूर वूफरपासून अडवणारा फिल्टर, ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा.

ट्रॅक्टर आणि ट्रकवाल्यांसाठी

गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांचे प्रश्न येतात. रात्री-अपरात्री ट्रॉल्या ओढताना गाणं सोबतीला लागतं, ते मला पटतं. पण बऱ्याच ट्रॅक्टरचा अल्टरनेटर ३६ ते ४२ अँपिअरचाच असतो. बॅटरी मोठी असते म्हणून सुरुवातीला भारी वाजतं, मग बॅटरी खाली येत जाते, लाल दिवा लागतो, आणि सकाळी सेल्फ मारत नाही. तिथे १५०-२०० वॅट आरएमएसचा क्लास डी अँप आणि कमी वॅटमध्ये जास्त आवाज देणारा वूफर बरा. हादऱ्यांनी सेल्फ स्क्रू हमखास सैल होतात, म्हणून नट-बोल्ट आणि लॉक नटच. अर्थिंग थेट बॅटरीच्या मायनसला नेता आलं तर फारच छान, अंतर कमीच असतं.

ट्रक २४ व्होल्टचे. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून अँप लावला की ती बॅटरी कायम उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होते, मग दोन्ही लवकर जातात. पुरेशा अँपिअरचा २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर लावा.

अँप खरंच गेलाय हे कधी म्हणायचं

वूफर आणि आरसीए काढूनही, टर्मिनलवर साडेबारा व्होल्ट असतानाही चालू करताच लाल होत असेल तर. किंवा वूफर-आरसीए काहीच जोडलेलं नसताना अँपचा फ्यूज लगेच उडत असेल तर, तेव्हा बहुधा आतले मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) शॉर्ट असतात. किंवा वूफर न जोडता, गाणं बंद ठेवून स्पीकर टर्मिनलवर मीटर डीसी व्होल्टवर लावला आणि तिथे एक-दोन व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर. असल्या अँपला वूफर जोडू नका, कॉइल जळेल.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात होत्या त्यांच्या डिकीतले अँप वेगळे धरायला पाहिजेत. पंचगंगेचं पाणी बारीक गाळ घेऊन येतं, तो सर्किट बोर्डवर बसतो आणि पुढच्या दमट हवेत पुन्हा ओल धरतो. नुसता उन्हात वाळवलेला अँप काही महिने चालून मग पावसाळ्यात लाल होतो. झाकण उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या, पार्ट्सचे हिरवे पडलेले पाय दिसले तर दुरुस्तीवाल्याकडे द्या. आणि अशा गाडीत अँप परत बसवण्याआधी बॅटरीपासून डिकीपर्यंतची वायर दोन्ही टोकांना सोलून बघा. आतली तार काळी पडली असेल तर ती पूर्णच बदला. पाणी रबराच्या आत तारांतून बरंच लांब चढतं, टोक कापून नवीन थिंबल लावल्याने भागत नाही.